डोहाळजेवणातली सानिका

लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर टिकली चिकटवून कामाला बसायची सानिकाची सवय ऑफिसात चेष्टेचा विषय झाली होती. टिकली लाल, मध्यम आकाराची, सासूबाईंच्या पाकिटातली. "कपाळाला लाव की गं ती," सासूबाई म्हणायच्या, "यंत्राला कसलं कुंकू?" सानिका नुसती हुं करायची. गॅसचं बटण बंद केल्यावर पुन्हा एकदा बघून येणारी, दाराला कडी लावून ती ओढून बघणारी बाई ती. मिहिका झाल्यापासून तर विचारूच नका. बाळ झोपलंय हे दिसत असूनसुद्धा नाकापाशी बोट धरून श्वास तपासायची.

एवढी सांभाळून राहणारी. आणि नेमकं तिच्याच बाबतीत हे व्हावं.

त्या दुपारी हिशेबाचा एक लांबलचक तक्ता तपासता तपासता तिच्या पडद्यावर ओळ उमटली : ‘आपण या खात्यात आधीच आहात.’

आधीच आहात म्हणजे? तिनं पुन्हा खातं उघडायला बोट टेकवलं.

‘क्षमस्व. आपली ओळख पटत नाही.’

मग एकेक करून सगळं मिटत गेलं. आधी मेल, मग बँक, मग मिहिकाच्या लसींचं कार्ड. शेवटी घराच्या दाराच्या चौकटीतला हिरवा दिवा पिवळा झाला. दार, स्कूटर, दवाखाना, बँक, सगळं एकाच घरखात्यात बांधलेलं होतं, जसं हल्ली सगळ्यांचंच असतं. आणि त्याच खात्यात आणखी एक गोष्ट बांधलेली होती. ती आठवली मात्र, सानिका ताडकन उठली. खुर्ची मागे पडली.

पाळणाघर.

स्कूटर सुरू होणार नव्हती. दार मागे बंद झालं असतं तर पुन्हा उघडणार नव्हतं. तिनं ओट्यावरचा बत्ता उचलून दाराच्या फटीत अडकवला आणि पायात मिळतील त्या चपला घालून विश्रामबागेच्या त्या तापलेल्या गल्लीतून ती पळत सुटली.

पासवर्ड जाऊन आता बरीच वर्षं झाली होती. यंत्रं ते चुटकीसरशी ओळखायला लागली तेव्हा माणसांनी बोटांचे ठसे दिले. ठसे काचेच्या पेल्यावरून उचलले जाऊ लागले तेव्हा चेहरे दिले. चेहरे तर काय, लग्नाच्या फोटोतूनही उतरवता येत होते. मग ‘चाहूल’ आली. तिच्यामागची कल्पना अगदी घरगुती होती. जिन्यावर पाऊल वाजलं की आपण म्हणतो, बाबा आले. काय बघून म्हणतो? चेहरा दिसलेला नसतो, नावही कुणी सांगितलेलं नसतं. पावलांच्या वजनावरून, मधेच थांबण्यावरून, कठड्यावर किल्ली घासण्यावरून आपल्याला ते कळतं. चाहूल हेच करायची, पण हजारो खुणांवरून. बोट पडद्यावर किती दाबतं, कुठल्या अक्षराला हमखास चुकतं, चुकल्यावर किती वेळानं सुधारतं, बोलण्याआधी श्वास कसा घेतला जातो. त्यातून ती जुळणीचा आकडा काढायची. आकडा पुरेसा भरला की दार उघडं. काही पाठ करायला नको, काही लपवायला नको. चोरानं चोरायचं तर काय, माणूसच चोरावा लागेल, असं कंपनी जाहिरातीत म्हणायची.

तेही जमायला लागलं होतं. एखाद्या माणसाचं पुरेसं चित्रण हाती लागलं की त्याच्या सगळ्या लकबी शिकून घेणारे प्रोग्रॅम निघाले होते. लोक त्यांना सोंग म्हणत. पण त्यासाठी तासन्‌तासांचं, जवळून घेतलेलं, निवांत चित्रण लागायचं. तसं चित्रण कोण कशाला कुणाला देईल, असं सानिकाला पळता पळतासुद्धा वाटत होतं.

‘चिमणघर’चं काचेचं दार बंद होतं. आतून पाळणाघर चालवणाऱ्या कुंभोजकर काकू मिहिकाला कडेवर घेऊन उभ्या होत्या. दाराच्या चौकटीत पिवळा दिवा.

"काकू, उघडा!"

"अगं, उघडत नाही ना!" काकूंचा आवाज काचेपलीकडून, दारावरच्या स्पीकरमधून येत होता. "मगापासनं बोंबलतंय ते. म्हणे मिहिकाच्या आईच्या ओळखीबद्दल तंटा आहे. दोन आया आल्यात म्हणे. मी म्हटलं, बाबा रे, एक आई सांभाळता सांभाळता माझी दमछाक, दुसरी कुठून आणलीस?"

"काकू, चेष्टा नको."

"नाही करत गं. मला दिसतंय की तू आहेस. पण दाराला दिसत नाहीस, त्याला मी काय करू?"

"हातानं उघडा. आगीचं बटण असतं ना आत?"

काकूंचा चेहरा पडला. "ते दाबलं तर पोर थेट बालकल्याण समितीकडं जातं, सानिका. तंटा मिटेपर्यंत. गेल्या वर्षी त्या जमखंडीकरांच्या मुलाचं तसंच झालं. चार आठवडे आईला लांबून दाखवत होते. सांग, दाबू का?"

सानिकानं मान हलवली. नको.

मिहिकानं तिला काचेतून पाहिलं, दोन्ही हात पुढं केले आणि आपण तिच्याकडं का पोचत नाही हे न कळून भोकाड पसरलं. त्या आवाजासरशी सानिकाच्या छातीत दूध उतरलं. कुडता ओला होत गेला. तिनं ओढणी पुढे ओढली.

दारावरच्या पट्टीवर आकडे होते. पहिली व्यक्ती : शहाण्णव. दुसरी व्यक्ती : एकोणसाठ. दुसरी ती होती.

"एकोणसाठ?" ती स्वतःशीच म्हणाली. पण तिला मनातून कळत होतं. गेले कित्येक महिने आकडा घसरत होता. घरखातं उघडताना ‘पुन्हा प्रयत्न करा’ येत होतं, आणि ती चिडून पुन्हा बोट आपटत होती. एका हातावर मूल, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं टाइप करायचं. झोप नाही. श्वास वर वर. वाक्य सुरू करायचं आणि अर्ध्यात सोडून द्यायचं. केस गळायला लागले म्हणून खांद्यापर्यंत कापलेले. चाहूल माणसाबरोबर हळूहळू बदलते, असं कंपनी सांगायची, पण हळूहळू. बनवणाऱ्यांच्या हिशेबात आजारपण होतं, म्हातारपण होतं, दारूसुद्धा होती. बाळंतपण नव्हतं.

"घरातलं दुसरं कुणी बोलाव," काकू म्हणाल्या. "सन्मतीला बोलाव."

सन्मती, तिचा नवरा, रत्नागिरीसमोरच्या समुद्रात पवनचक्क्यांच्या मनोऱ्यावर. वर चढला की संध्याकाळपर्यंत फोन नाही. "आणि आजी?" काकू बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली. आजींचं नाव मिहिकाला घेऊन जाणाऱ्यांच्या यादीत नव्हतं, आणि ते कुणी काढलं हे दोघींनाही ठाऊक होतं. आजींनी एकदा कुणा कुरिअरवाल्याला फोनवर बोलता बोलता बाळाची झोपायची वेळ सांगून टाकली होती. त्याच दिवशी सानिकानं त्यांचं नाव काढलं. सासूबाई काही बोलल्या नव्हत्या. फक्त त्यानंतर पाळणाघराचं नाव त्यांनी घेतलं नव्हतं.

स्पीकर खरखरला. "तंटा क्रमांक नोंदला आहे. घरातील साक्षीदार : सुनंदा मगदूम. साक्षीदार दोन्ही व्यक्तींशी बोलतील. गुपित विचारण्यास मनाई आहे."

गुपितं चोरता येतात हे सगळ्यांना पटून जमाना झाला होता. साक्षीदारानं फक्त ओळखायचं. सुनंदा म्हणजे सासूबाई; त्या आज जयसिंगपूरला लेकीकडे, प्राजक्ताकडे गेल्या होत्या. सानिकाला जरा हायसं वाटलं. काही झालं तरी चार वर्षं एका घरात राहिलेली बाई. ती ओळखणार नाही तर कोण?

आत काकू मिहिकाला खुळखुळा वाजवून दाखवत होत्या. मग सासूबाईंचा आवाज आला, जरा बिचकलेला.

"हॅलो? ही दुसरी का?"

"आई, मी सानिका. त्यांना सांगा लवकर मीच आहे म्हणून."

"मगाचीही तेच म्हणत होती गं. जरा नीट बोल की."

"नीट म्हणजे कसं बोलू? मिहू आत रडतेय! तुम्ही फक्त हो म्हणा, बाकी काही विचारू नका. एवढं एक काम तरी..."

फोन कटला. तिचं वाक्य तिथंच लोंबकळत राहिलं.

पट्टीवर अक्षरं सरकली : ‘साक्षीदारांनी पहिल्या व्यक्तीस ओळखले आहे.’

सानिका पायरीवर बसली. रडू येत नव्हतं. एक विचित्र विचार मात्र आला : ती पहिली कशी असेल? चार वर्षं एका घरात राहिलेली बाई जिला सहज हो म्हणते, ती बोलते तरी कशी?

"सानिका," काकूंनी काचेवर टकटक केलं. "ऊठ. हे बघ. मला एक सुचतंय. त्या सोंगाला तुझ्या लकबी शिकवल्या कुणी? एवढं चित्रण कुठनं मिळालं त्याला?"

आणि मग दोघींनाही एकदमच आठवलं. काकूही होत्या की त्या दिवशी! गल्लीतल्या सगळ्याजणी होत्या. सानिकाचं डोहाळजेवण. प्राजक्ता वन्संनी फुलांचा झोपाळा सजवला होता आणि दुपारभर फोन उभा करून ठेवला होता. ओटी, गाणी, झाकलेल्या वाट्यांतून पेढा निघतो की बर्फी ते बघणं, आणि अर्थातच उखाणा. "नाव घे, नाव घे!" एकदा घेतला तर म्हणे आवाज नीट आला नाही, पुन्हा घे. दुसऱ्यांदा कुणीतरी मधे आलं, पुन्हा घे. वेगवेगळ्या बाजूंनी, जवळून, लांबून. आणि ते सगळं चित्रण वन्संनी हौसेनं जगासाठी मोकळं ठेवलं होतं. दुबईच्या मावसबहिणींना बघायला सोपं जावं म्हणून.

त्यात भर म्हणजे, चाहूल सुरू करताना कंपनी प्रत्येकाकडून एक वाक्य म्हणवून घ्यायची. तुमच्या ओठांवर सहज बसलेलं, कधीही म्हणता येईल असं. सानिकानं लग्नानंतर गृहप्रवेशाला घेतलेला उखाणाच दिला होता. वन्संनी दार अडवलं होतं आणि तो म्हणून ती आत आली होती. गंमत वाटली होती तेव्हा तिला. घराला तोच आणि खात्यालाही तोच. आणि डोहाळजेवणातही तिनं तोच घेतला होता.

कॅमेऱ्यावर टिकली लावणाऱ्या बाईनं आपली किल्ली दहा जणींसमोर, टाळ्यांच्या गजरात, तीनतीनदा म्हणून दाखवली होती.

"काकू, तुमच्या फोनवर लावा ते."

काकूंनी फोन काचेला टेकवून धरला. एका हातात फोन, दुसऱ्या कडेवर हुंदके देणारी मिहिका. सानिका काचेला नाक लावून उभी राहिली.

झोपाळ्यावर एक बाई बसली होती. हिरवी साडी, लांब वेणी, पोट पुढं आलेलं, पाय जमिनीवर हलकेच टेकवून झोका घेणारी. किती हसत होती! कुणी काही बोललं की आधी हसायची, मग बोलायची. मधेच सासूबाई उठायला लागल्या तर म्हणाली, "आई, बसा हो तुम्ही, गुडघा दुखेल, मी सांगते ना प्राजूताईंना." डाव्या हातानं बट कानामागं सारली. उखाण्याची पहिली ओळ म्हणून थांबली, हसू आवरलं नाही, मग दुसरी ओळ.

ही कोण? सानिकाला खरोखरच क्षणभर कळेना. हिला कसली घाई नव्हती. हिनं कुठलं बटण दोनदा तपासलं नसतं.

"पुन्हा लावा," ती म्हणाली.

नियम तिला माहीत होता. कंपनीच्या सूचना बारीक अक्षरांसकट वाचणारी ती. दोघी सारख्याच भरल्या, तर साक्षीचंही काही चालत नाही; जी देहानं दारासमोर उभी असेल ती खरी. सोंगाला देह नव्हता. तिला जिंकायचं नव्हतंच, नुसतं बरोबरीला यायचं होतं. चोरापेक्षा चांगलं सोंग वठवायचं होतं, तेही स्वतःचं.

ती मागं फिरून गल्लीच्या टोकापर्यंत गेली. उभी राहिली. श्वास पोटापर्यंत जाऊ दिला, कितीतरी दिवसांनी. मग पोटातल्या बाळाला जपत चालावं तशी, जरा मागं रेलून, रमतगमत दाराकडे आली. रसवंतीपाशी बसलेले दोन म्हातारे तिच्याकडे टक लावून बघत होते. बघू देत. तिनं डावा हात वर नेला आणि नसलेली बट कानामागं सारली. समोर मिहिका हात पसरून किंचाळत होती. सानिका तिच्याकडे बघून हसली. असं हसणं म्हणजे काय असतं ते तिचं तिलाच कळलं. दात आवळून, घसा दाबून, डोळ्यांतसुद्धा हसू आणून.

"हळदीच्या सौद्यानं पिवळी झाली पेठ..."

थांबली. आता हसू यायला हवं. मिहिकाचा हुंदका आला. ओल्या कुडत्याला वारा लागला. त्या बाईला इथं हसू आवरलं नव्हतं. सानिकानं झोपाळ्याचं करकरणं आठवलं, काकूंनी भलत्याच वेळी काढलेला चिमटा आठवला. आणि कसं कोण जाणे, आलं.

"...सन्मतीरावांचं नाव घेते, दार उघडा थेट."

पट्टी लुकलुकली. शहाण्णव. शहाण्णव. मग कुठूनतरी खट्‌ असा आवाज झाला आणि दिवा हिरवा झाला.

काकूंनी मिहिकाला तिच्या हातात दिलं तेव्हा सानिका अजून हसतच होती. ते हसू तिला पुसता येत नव्हतं.

संध्याकाळी सासूबाई जयसिंगपूरहून घाईघाईनं आल्या. दारात अजून बत्ता अडकवलेलाच होता. तो त्यांनी उचलला, पुसला आणि ओट्यावर ठेवला.

"तुम्ही तिला निवडलंत," सानिका म्हणाली.

"हो गं." त्या खुर्चीत बसल्या. "ती गोड बोलली. आई काय करताय म्हणाली, गुडघा कसाय म्हणाली. प्राजूनं काय केलंय जेवायला, विचारलं. मला वाटलं, आली बाई आमची सानिका." मग म्हणाल्या, "तू शेवटचं कधी विचारलंस मला असं काही? रागवू नकोस. सांग फक्त."

मिहिका तिच्या कापलेल्या केसांना ओढत होती.

तेवढ्यात चाहूल केंद्रातल्या मुलीचा फोन आला. आवाज पोरसवदा, पण काम चोख. खात्यातून फारसं काही गेलं नव्हतं. चोराला मिहिका नको होती. त्याला खातं हवं होतं, मिहिका त्या खात्याला चिकटून आली होती. "पण मॅडम, ते सोंग अजून आहे. कुठं आहे ते सापडत नाही. ते परत येणार."

"मग?"

"दोन वाटा आहेत. जुनी नोंद ठेवायची, तर तुम्हाला रोज तिच्याशी जुळत राहावं लागेल. दुपारी केलंत तसं."

सानिकानं मिहिकाला छातीशी धरलं. रोज?

"नाहीतर कोरी पाटी. जुनी नोंद पुसायची. तुम्ही आत्ता जशा आहात तशी नवी भरायची. मग त्या सोंगाकडे किल्ली राहील, अगदी अस्सल, पण तिचं कुलूपच राहणार नाही. फक्त पाटी भरेपर्यंत तुम्ही अनोळखी. दार नाही, बँक नाही, मुलीला आणायचं नाही. या सगळ्याला घरातलं कुणीतरी हमीदार लागेल. घरात दुसरं कोण असतं?"

सन्मती महिन्यातले निम्मे दिवस समुद्रात. सानिकानं समोर पाहिलं. सासूबाई गुडघ्यावरून हात फिरवत होत्या, आपला काही संबंध नसल्यासारख्या.

ज्या बाईनं झोपेची वेळ परक्याला सांगितली. ज्या बाईनं आज सोंगाला निवडलं. तिच्या हातात आपली मुलगी, दार, सगळं द्यायचं आणि आपण आपल्याच घरात पाहुणी होऊन राहायचं. सानिकानं ओठ चावला. मनात सगळ्या कड्या एकदा ओढून पाहिल्या.

"सासूबाई आहेत," ती म्हणाली. "सुनंदा मगदूम. त्यांचं नाव घाला."

सासूबाईंनी चमकून वर पाहिलं. "माझं? अगं, मी तर चुकले की!"

"चुकलात कुठं? तीही मीच होते ना." आणि मग, थकून, "आता हिला शिका ओळखायला. दुसरं कोण आहे मला?"

पाटी भरेपर्यंत थंडी सुरू व्हायला लागली. सानिकानं ती भरताना एकदाही नीट केस विंचरले नाहीत की आवाज गोड केला नाही. एका हातानं टाइप केलं, वाक्यं अर्धी सोडली, चिडून बोट आपटलं. ओठांवरचं वाक्य विचारलं तेव्हा आतून मिहिका रडली आणि तिच्या तोंडून निघालं, "आले गं, आले, आले!" केंद्रातली मुलगी म्हणाली, चालेल, हेच ठेवू. रोज सासूबाई एक पाय ओढत मिहिकाला आणायला जायच्या आणि आल्या की कोणी काय विचारलं, आपण काय सांगितलं नाही, याची साद्यंत हकिकत द्यायच्या. सानिकाला तरी धाकधूक वाटायचीच. ती काही जात नाही.

आता खातं तिचं झालं होतं, पण आजींचं नाव तिनं काढलं नाही.

एका संध्याकाळी ती मिहिकासाठी खिचडी घोटत असताना सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात फोन.

"आज पुन्हा आला होता तिचा," त्या म्हणाल्या.

सानिकाचा हात थांबला. खात्यात शिरता येत नाही म्हटल्यावर ते सोंग आता माणसांच्या दारांवर टकटक करत होतं. "काय म्हणाली?"

"तेच. काय करताय, गुडघा कसाय. हसत होती."

"मग तुम्ही लगेच ठेवला ना?"

सासूबाई पदराशी चाळा करत राहिल्या. "ठेवला."

"लगेच?"

"लगेच नाही," त्या म्हणाल्या.

मिहिकानं ताटली आपटली. सानिकानं पळी पुन्हा फिरवायला घेतली, जरा जोरातच. खिडकीबाहेर दिवे लागत होते. दाराची कडी लावली होती का? लावली होती. तिनं मान वळवून तरी पाहिलंच.

"आणि आई," ती पाठमोरीच म्हणाली, "खरंच कसा आहे गुडघा?"

मागून सासूबाईंचा मिस्कील आवाज आला.

"आता ही कुठली विचारतीय गं? पहिली का दुसरी?"

"दुसरी," सानिका म्हणाली. "आणि पटकन सांगा, खाली लागतेय खिचडी."

ओट्यावर ठेवलेला फोन पुन्हा वाजायला लागला. सासूबाईंनी तो उचलला नाही. पालथा घातला आणि गुडघ्याचं सांगायला खुर्ची ओढून बसल्या.